ऑर्डर जर्मनीची, भट्टी उद्यमबागेची आणि मधलं खोकं

चिकोडीकडच्या, एम.ए. अर्थशास्त्र करणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: "जागतिकीकरण, मानव विकास आणि भ्रष्टाचार यांचा उदयोन्मुख देशांच्या वाढीवर नेमका काय परिणाम होतो? पुस्तकात तिन्हींची वेगळी प्रकरणं आहेत. भ्रष्टाचाराने वाढ खुंटते म्हणतात, मग चीन आणि व्हिएतनाम कसे पुढे गेले? आणि आपल्या बेळगाव भागात यातलं काय दिसतं?"

अगं, मी अर्थतज्ज्ञ नव्हे, हे आधी सांगून टाकतो. अठ्ठावीस वर्षं बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे भागातल्या फौंड्री-मशीनशॉपवाल्यांचे, म्हणजे धातू ओतून आणि कापून सुटे भाग बनवणाऱ्यांचे, हिशेब, बँकेची प्रकरणं आणि निर्यातीचे कागद बघतो. तुझ्या पुस्तकात तीन प्रकरणं वेगळी आहेत ती परीक्षेच्या सोयीसाठी. कारखान्यात ती एकाच दिवशी, एकाच टेबलावर येऊन पडतात. माझं सगळं म्हणणं एका खोक्यावरून सांगता येईल. खोकं म्हटलं की हल्ली लोकांना भलतंच सुचतं. हे खरोखरचं, फळ्या ठोकलेलं लाकडी खोकं होतं.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या एका पक्षकाराला जर्मनीहून हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीचं काम आलं. कास्टिंग म्हणजे ओतकाम इथलंच, मशीनिंगही इथंच करून द्यायचं. बोअरला, म्हणजे आतल्या भोकाला, टॉलरन्स पंधरा मायक्रॉन, मापात तेवढीच चूक चालणार. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज कर. दोन पाळ्यांत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणारी मशीनं, चालवायला आठ ऑपरेटर हवे होते, मिळाले चार. म्हणून आम्ही दोघं एका प्रशिक्षण संस्थेत गेलो, की यंदा पास होणारी पोरं तरी बघू. कोणत्या संस्थेत, ते जाऊ दे. निदेशक चांगला माणूस होता. मी विचारलं, "मशीन आहे ना हो तुमच्याकडे?" म्हणाला, "हाय की सर. खोक्यात हाय." वर्कशॉपच्या कोपऱ्यात ताडपत्री उचलून दाखवली. तीन वर्षांपूर्वी आलेलं सीएनसी मशीन, पॅकिंग लिस्टची प्लॅस्टिकची पिशवी अजून फळीला टाचलेली. पाया भरला नव्हता, विजेचा वाढीव लोड मंजूर नव्हता. मशीन खरेदीच्या फायलीत बऱ्याच जणांना रस होता, पायाच्या सिमेंटमध्ये कोणालाच नव्हता.

मग तो शिकवायचा कसा? फळ्यावर. जी-झिरो-वन म्हणजे टूल कापत सरळ रेषेत जातं, हे पोरांना पाढ्यासारखं पाठ होतं. स्पिंडल फिरताना आवाज कसा येतो, ते एकानेही ऐकलं नव्हतं. त्यातली दोन पोरं आम्ही घेतली. एकाने पहिल्याच आठवड्यात टूल जॉबवर धडकवलं. त्याला मी दोष देत नाही. सहा महिन्यांनी जर्मन गिऱ्हाइकाने अर्धं काम आमच्याकडे ठेवलं आणि अर्धं तुर्कस्तानात नेलं.

या एका गोष्टीत तुझी तिन्ही प्रकरणं आहेत. ऑर्डर जगाने दिली. ती पुरी करायला शिकलेले हात लागत होते. आणि ते हात तयार होण्याआधीच मधे कोणीतरी खाल्लं. यात रकमेचा प्रश्न दुय्यम आहे. मशीनच्या किमतीत दहा-पंधरा टक्के गेले असतील, पण बुडालं ते कामच्या काम.

आता जरा आकड्यांकडे. १९९० च्या सुमारास आपली आयात-निर्यात मिळून जीडीपीच्या साधारण १६ टक्के होती. २०१२ च्या आसपास ती ५० च्या बरीच वर गेली, हल्ली ४५ च्या आसपास रेंगाळते. म्हणजे १९९१ नंतर दार उघडलं यात वाद नाही. आत कोण आलं आणि बाहेर कोण पडू शकलं, हा खरा प्रश्न. १९९१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ५२ टक्के होती आणि स्त्रियांची ३९. दार उघडलं त्या दिवशी शंभरातल्या साठ बायकांना दारावरची पाटी वाचता येत नव्हती, असं समज. चीनने १९७८ नंतर सुधारणा सुरू केल्या, व्हिएतनामने १९८६ नंतर. दोन्हीकडे तोपर्यंत बहुतेक प्रौढांना लिहिता-वाचता येत होतं आणि गावपातळीवर दवाखाना पोचला होता. त्यांनी आधी पाया भरला, मग मशीन आणलं. आपण उलट केलं.

तुझ्या चीन-व्हिएतनामच्या कोड्याचं अर्धं उत्तर इथंच आहे. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा भ्रष्टाचाराचा २०२४ चा निर्देशांक बघ, त्यात गुण जास्त तेवढा कारभार स्वच्छ: शंभरपैकी चीन ४३, व्हिएतनाम ४०, भारत ३८. या तिघांत असा काय मोठा फरक आहे? हा निर्देशांक जाणकार आणि व्यावसायिकांच्या मतांवर काढतात, दिलेल्या लाचेची मोजदाद करून नव्हे. एक-दोन गुण इकडे-तिकडे झाले तर वर्तमानपत्रं मथळे करतात, तू करू नकोस. आता आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांवरून काढलेला मानव विकास निर्देशांक बघ, २०२५ च्या अहवालातला: चीन ०.७९७, व्हिएतनाम ०.७६६, भारत ०.६८५ आणि १९३ देशांत १३० वा क्रमांक. इथं मात्र फरक ठसठशीत आहे. १९९० मध्ये व्हिएतनामचं दरडोई उत्पन्न चालू डॉलरमध्ये आपल्यापेक्षा कमी होतं, आज ते आपल्या दीडपटीहून जास्त आहे. खाणारे दोन्हीकडे आहेत. पण त्यांच्याकडे खाऊन झाल्यावरही कामाला शिकलेला माणूस उरतो.

एवढ्यावर "मग भ्रष्टाचाराला इतकं महत्त्व कशाला" असं म्हणू नकोस. १९६० च्या दशकात काही विद्वानांनी लाचेला वंगणाची उपमा दिली होती: सरकारी यंत्र गंजलेलं असेल तर थोडं तेल घातल्यावर चाक फिरतं. आमच्या धंद्यातही हे सर्रास ऐकू येतं, "वजन ठेवल्याशिवाय फाइल उडून जाते हो." १९९० च्या दशकाअखेरीस काउफमान आणि वेई या दोघांनी अनेक देशांतल्या कंपन्यांच्या उत्तरांवरून हे तपासलं. जे जास्त लाच देत होते, त्यांचाच जास्त वेळ सरकारी अधिकाऱ्यांबरोबर जात होता. मला याचं काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. एकदा दिलंस की तुझं नाव 'देणाऱ्यां'च्या वहीत चढतं. पुढच्या खेपेला फाइल मुद्दामच अडकते. वंगण नाही, तो चाकाला लावलेला मीटर आहे.

याच दशकात पाओलो माउरो या अर्थतज्ज्ञाने दोन गोष्टी दाखवल्या. जास्त भ्रष्ट देशांत गुंतवणूक कमी होते, ही १९९५ मधली. आणि अशा सरकारांच्या खर्चात शिक्षणाचा वाटा कमी असतो, ही १९९८ मधली. दुसरीकडे जास्त लक्ष दे. शिक्षकाच्या पगारातून कमिशन काढणं अवघड, यंत्रसामग्रीच्या टेंडरमधून सोपं. म्हणून शाळेला खोल्या मिळतात, मास्तर मिळत नाहीत. दवाखान्याला एक्स-रे मशीन मिळतं, ते चालवणारा मिळत नाही. भ्रष्टाचाराचा सगळ्यात मोठा घास मानव विकासातच जातो आणि तो कोणाला दिसत नाही, कारण न शिकलेल्या पोराचं ऑडिट होत नाही.

(सीमाभागातली एक गंमत सांगतो. मराठीत लाच, कन्नडात लंच. दोन्हींचं मूळ एकच. एवढ्या एका शब्दाबाबत सीमावाद नाही.)

हिशेबाच्या वहीत लाच कुठे बसते, हे तुला कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. 'किरकोळ खर्च', 'वाहतूक – इतर', कधी 'सल्ला फी'. लहान कारखान्याची वर्षभराची अशी सगळी बेरीज विक्रीच्या मानाने फार नसते. मालक तेवढ्याने मरत नाही. तो मरतो अनिश्चिततेने. टॅक्स किती, ते वर्षाच्या सुरुवातीला कळतं. मामूल, म्हणजे नेमाचा हप्ता किती, ते साहेब बदलला की बदलतं. मग मालक काय करतो? लहान राहतो. जुन्या कारखाना कायद्यात वीज वापरणाऱ्या जागी दहा कामगार झाले की कायदा लागू. त्यामुळे माझ्या बघण्यात कितीतरी शेडमध्ये मस्टरवर नऊ. दहावा आला की दुसरी फर्म, बायकोच्या नावावर. एकोणिसावा आला की तिसरी, मेहुण्याच्या. एकच शेड, एकच भट्टी, दाराशी तीन पाट्या. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ती मर्यादा वीसवर गेली. आता एकोणीसचे मस्टर दिसायला लागतील, अशी माझी धास्ती आहे. चुकलो तर आनंद आहे.)

एकदा असाच एक परदेशी गिऱ्हाइकाचा माणूस कारखाना बघायला आला. पाट्या बघून त्याने साधा प्रश्न विचारला, "यातल्या कोणाशी मी करार करतोय?" मालकाने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. इन्स्पेक्टरपासून लपण्यासाठी जे लहानपण पत्करलं, तेच जगाच्या बाजारात आडवं आलं. मोठ्या ऑर्डरला मोठी क्षमता लागते, एका नावाची लागते, कामगारांचे पीएफचे कागद लागतात. हा तोटा कुठल्याच निर्देशांकात मोजला जात नाही. माझ्या मते आपल्यासारख्या देशात भ्रष्टाचाराची खरी किंमत हीच: कारखाना बंद पडत नाही, तो वाढतच नाही.

जागतिकीकरण आणि भ्रष्टाचार एकमेकांना कसे फुगवतात, हे बघायचं असेल तर आपल्याच राज्यातलं, लोहखनिजाच्या खाणींचं बळ्ळारी बघ. २००१ च्या अखेरीस चीन जागतिक व्यापार संघटनेत शिरला, तिथं पोलादाचा धडाका सुरू झाला आणि लोहखनिजाचे भाव चढले. कालपर्यंत जी तांबडी माती कोणी विचारत नव्हतं ती बंदराकडे धावायला लागली. परवान्यापेक्षा जास्त खणायचं, पासशिवाय वाहायचं. २०१० मध्ये कारवारजवळच्या बेलेकेरी बंदरात जप्त केलेलं खनिजच तिथून गायब झालं. जुलै २०११ मध्ये लोकायुक्त न्या. संतोष हेगडे यांचा अहवाल आला, मुख्यमंत्री येडियुराप्पा यांना पायउतार व्हावं लागलं आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बळ्ळारीचं खाणकाम थांबवलं. पुढच्या वर्षी गोव्याच्या खाणीही थांबल्या. त्या तेजीच्या वर्षांत वाढीचा आकडा छानच दिसत होता. पण माझ्या पक्षकारांचं पिग आयर्न, म्हणजे ओतकामाचं कच्चं लोखंड, याच दोन बाजूंनी यायचं. ज्यांनी कधी खाणीचं तोंड पाहिलं नव्हतं, त्या उद्यमबागेतल्या फौंड्रीवाल्यांनी पुढची दोन वर्षं भावाचे झोके खाल्ले. चोरी तिकडं, कर्जाचे हप्ते इकडं.

आणि जग नुसतं देतं असंही नाही. २००८ च्या सप्टेंबरनंतर अमेरिकेत बँका पडल्या आणि दिवाळी होते न होते तोवर इथल्या ऑर्डरी 'होल्ड'वर गेल्या. खानापूर भागातून येणारी मोल्डिंगची पोरं पाळी नाही म्हणून गावी परतली. काही परत आली, काही गोव्याला गेली ती गेलीच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा जुन्या मालकांच्या चेहऱ्यावर तीच कळा मी परत पाहिली. फरक एवढाच की ज्यांच्याकडे ड्रॉइंग वाचणारी, मशीन बदललं तरी शिकून घेणारी माणसं होती, त्यांनी चार महिन्यांत दुसरं काम धरलं. बाकीचे थांबून राहिले.

उसाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या घरी तो असणारच. जून २०२२ पासून साखर निर्यातीवर सरकारी बंधनं आली आणि २०२३-२४ च्या हंगामात निर्यात जवळजवळ बंदच होती, म्हणजे जगातला चढा भाव तुझ्या वडिलांपर्यंत येण्याची वाटच बंद. आणि जो भाव येतो तो काट्यावर. 'काटा मारला' हा शब्दप्रयोग आपल्याकडे लहान पोरालाही कळतो. २०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी टनाला साडेतीन हजार मागत रस्त्यावर बसले, तेव्हा भावाची चर्चा सगळ्यांनी केली. माझ्या मते वजनाचीही तेवढीच व्हायला हवी होती.

अथणीच्या चपलेचंही तेच. २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, त्यात आपला बेळगाव जिल्हा आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा या इटलीतल्या बड्या फॅशन कंपनीने तसलंच पायताण चालवलं आणि केवढा गहजब झाला. हातात कसब असून भागत नाही. मापाचे नंबर, निर्यातीचा परवाना, बिल, ठरल्या तारखेला पाचशे जोड एकसारखे, हे करणारा शिकलेला माणूस त्या घरात नसला की पैसा नावाला मिळतो, हाताला नाही.

आता सीमाभागाचं म्हणून जे वेगळं आहे त्याकडे येतो. भ्रष्टाचार कुठे माजतो याचं एक सूत्र रॉबर्ट क्लिटगार्ड यांनी मांडलं आहे: मक्तेदारी अधिक मनमानी वजा जाब देण्याची जबाबदारी. आपल्या भागात हे सूत्र जिवंत दिसतं. सरकारी कागद कन्नडमध्ये, घर मराठीत. ज्याला कागद वाचता येत नाही त्याच्यापुढे कारकुनाची मनमानी दुप्पट होते आणि मधे एजंट उभा राहतो. माझ्या आत्याला विधवा पेन्शनचा अर्ज 'नामंजूर' झाल्याचं एजंटने सांगितलं आणि परत करायचे आठशे रुपये घेतले. कागद मी वाचला. फक्त आधारची झेरॉक्स जोडा, एवढंच त्यावर लिहिलं होतं. मी कोणत्याही बाजूचं राजकारण करत नाही. पण आपल्या पोरांनी कन्नड वाचायला-लिहायला नीट शिकावं आणि सरकारने लोकांना समजेल अशा भाषेत कागद द्यावेत, या दोन्ही गोष्टी मी एकाच दमात म्हणतो, आणि दोन्हीकडचे माझ्यावर रागावतात.

दुसरी गोष्ट उलटी. सीमेवर असल्यामुळे मक्तेदारी थोडी तुटते. उद्यमबागेतला माणूस वैतागला तर अर्ध्या तासावर शिनोळी आहे, तिथं महाराष्ट्र. दीड तासावर कागल. मी स्वतः तीन जणांची तिकडे नेण्याची गणितं मांडली: विजेचा दर, जागा, अनुदान आणि चौथ्या रकान्यात पेन्सिलीने 'त्रास'. दोघं गेले, एक राहिला. गेलेल्यांतला एक म्हणतो, "त्रास तोच हो, फक्त भाषा आपली." तरीही कोणी जाऊ शकतो एवढं कळलं तरी इथल्या टेबलावरचा सूर मऊ होतो, हे मी पाहिलं आहे.

काय केल्याने फरक पडला, तेही सांगायला हवं, नाहीतर नुसतं रडगाणं होईल. कर्नाटकाने २००० च्या सुमारास 'भूमी'त जमिनीच्या नोंदी संगणकावर घेतल्या. उतारा पंधरा रुपयांत खिडकीवर मिळायला लागला आणि उताऱ्यापुरती तरी गावच्या अधिकाऱ्याची मक्तेदारी मोडली. वारसा-फेरफार मात्र अजून माणसाच्याच हातात, म्हणून गर्दी तिकडे सरकली. २०१२ पासून 'सकाल' आलं: यादीतल्या प्रत्येक सरकारी सेवेला दिवसांची मुदत, उशीर झाला तर भरपाईची तरतूद. अर्जाचा पंधरा अंकी नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. त्याआधी आमच्या कास्टिंगचा ट्रक हद्दीवर रात्र काढायचा आणि ड्रायव्हरला 'रस्ताखर्च' वेगळा द्यावा लागायचा. ती नोंद एका महिन्यात माझ्या पक्षकारांच्या वह्यांतून गेली. एवढ्या झटक्यात गेलेली लाच मी दुसरी पाहिली नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार करायची. हे किती जणांना माहीत आहे ते विचारून बघ.

'भूमी', 'सकाल' आणि जीएसटी या तिन्ही उपायांत एक सारखेपणा बघ: कोणाला उपदेश केला नाही, टेबल काढून टाकलं.

तुझ्या प्रबंधासाठी सुचवतो. देशांचे निर्देशांक एकमेकांवर टाकून आलेख काढशीलच, पण उत्पन्न वाढलं की भ्रष्टाचारही कमी होतो, त्यामुळे कशाने काय झालं हे त्या आलेखातून निघणार नाही. त्यापेक्षा उद्यमबागेत वीस शेड निवड. प्रत्येकाला तीनच प्रश्न: मस्टरवर किती आणि प्रत्यक्ष किती, वाढीव वीज लोड मंजूर व्हायला किती दिवस, आणि तुमचा सगळ्यात चांगला ऑपरेटर शिकला कुठे. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण "इथंच, माझ्याकडे" म्हणतील. तिथं थांबून विचार, त्याला शिकवायला तुमची किती कास्टिंगं भंगारात गेली.

मग एक दिवस तुमच्या तिकडच्या नाडकचेरीत, म्हणजे दाखले-उतारे मिळतात त्या महसूल कचेरीत, सकाळी दहापासून बाकावर बसून राहा, वही बंद करून. डबा बरोबर ने. आणि कोणी विचारलं तर जेवायला थांबलेय म्हण. लंचसाठी थांबलेय म्हणालीस तर भलताच समज व्हायचा.